काजवे बघायला जाताय? आधी अंधाराचा हिशोब

मे संपत आला की आता आमच्या हिंगोलीतली पोरंसुद्धा गाड्या काढून भंडारदऱ्याकडे निघतात. चारशे-एक किलोमीटर! पहिल्या पावसानंतर काजवे आमच्याकडे बांधावरही दिसतात, पण ते दहा-पंधरा. तिकडे अकोले तालुक्यात घाटघर, मुरशेत, पांजरे या गावांभोवती हिरडा, बेहडा, सादड्याची अख्खी झाडं लुकलुकतात. पूर्वी हा मोजक्या भटक्या मंडळींचा नाद होता. मग फोटो पसरले, 'काजवा महोत्सव' सुरू झाले आणि आता शनिवारी रात्री घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते. परत येणारे म्हणतात, "काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त दिसले."

गर्दीने मजा जाते हे सांगायला पीएचडी लागत नाही. पण ही गर्दी काजव्यांचं नेमकं काय बिघडवते, ते बघू.

काजव्याच्या पोटाशी ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि थंड, हिरवट-पिवळा प्रकाश पडतो. हा प्रकाश म्हणजे निरोप. नर ठरावीक लयीत चमकतो. बऱ्याच जातींत मादी खाली गवतावर किंवा झुडपावर बसून त्याला उत्तर देते. म्हणजे तुम्ही बघायला जाता ते झाडावरचं लायटिंग नाही, जोडीदाराचा शोध चाललेला असतो. आजूबाजूला उजेड वाढला की नर चमकायचे कमी होतात, माद्या उत्तर देत नाहीत, असं वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगांत दिसलंय.

आता एक साधं गणित करू. समजा, एका गाडीचा उजेड एखाद्या झाडावर 30 सेकंद राहतो. दहा मिनिटांत एकच गाडी गेली, तर साडेनऊ मिनिटं अंधार उरतो. दहा गाड्या सारख्या अंतराने गेल्या, तर अर्धा मिनिट उजेड, अर्धा मिनिट अंधार. वीस गाड्या गेल्या की अंधार संपला. यात कुणीच बेशिस्त वागलेलं नाही बरं का! विसाव्या गाडीवाल्यानेही पहिल्याइतकाच उजेड पाडला. म्हणून "मी तर काही त्रास दिला नाही" हे प्रत्येकाचं म्हणणं खरंच असतं, आणि तरी झाड विझतं.

त्यात वेळ फार थोडा. काजव्याची अळी कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, मातीत आणि पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढते. प्रौढ काजवा जगतो जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि बऱ्याच जातींत तो या काळात जवळजवळ काही खात नाही. जोडीदार मिळाला तर याच दिवसांत. आपली गर्दीही नेमकी याच दिवसांत, त्यातही अमावस्येच्या आसपास. शिवाय फोटोसाठी झाडाखाली घुसलं की खाली बसलेल्या माद्या आणि पाचोळ्यातल्या अळ्या पायाखाली येतात. हे नुकसान त्या रात्री दिसतच नाही. झाड तर चमकतंय! ते कळणार पुढच्या एखाद्या मोसमात.

मग बंदच करा, असं म्हणणं हिंगोलीत बसून सोपं आहे. पावसाच्या तोंडावर, हाताला काम नसताना, तिथल्या आदिवासी कुटुंबांना तंबू आणि पिठलं-भाकरीचे चार पैसे याच दिवसांत मिळतात. गावाला फक्त त्रासच मिळाला तर काय होतं, ते थायलंडमधल्या अम्फावात दिसलं. रात्रभरच्या मोटारबोटींच्या आवाजाला कंटाळून काही रहिवाशांनी काजव्यांची नदीकाठची झाडंच तोडली. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानाने वेगळी वाट धरली: काजव्यांच्या ऐन मोसमात त्या भागात जायला सोडत काढतात, मोजक्याच गाड्यांना परवानगी मिळते, टॉर्चवर लाल कागद लावायला सांगतात. माझ्या मते आपल्याकडेही तिकिटाच्या दरापेक्षा एका रात्रीच्या गाड्यांची संख्या ठरवणं महत्त्वाचं आहे. गाड्या गावाबाहेर उभ्या करून पुढे गावातल्याच वाटाड्याबरोबर पायी गेलं, तर पैसाही गावातच राहील.

आणि जाणारच असाल, तर आठवड्यामधला दिवस निवडा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मोबाइलची स्क्रीन एकदा उघडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जाणं जमणार नसेल, तर पहिला पाऊस पडून गेल्यावर शेतातला एलईडी तासभर बंद ठेवा आणि बांधावर बसून बघा. दहा-पंधरा तरी दिसतील.