अंथरूण किती, ते आधी खरं सांगूया

मी काळेवाडीतून बचत गटाची समन्वयक बोलतेय.

आजचा विषय तसा लाजेचा आहे. कर्जाच्या फॉर्मवर आपण उत्पन्न वाढवून लिहितो, त्याबद्दल बोलायचंय. बैठकीत यावर कुणी बोलत नाही, पण बऱ्याच जणींनी हे केलेलं असतं. सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करते.

आमच्या गटातल्या एका ताईला पैशांची नड होती. मुलीचं ॲडमिशन होतं, शिवाय हातउसने घेतलेले फेडायचे होते. मिस्टर चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आणि ताई घरी शिलाई करायची. दोघांचं मिळून महिन्याला पंधरा हजार धरा. आधीच्या एका कर्जाचा 4,000 रुपये हप्ता चालू होता. नवीन कर्जासाठी फॉर्म भरायला घेतला तेव्हा मी शेजारीच बसले होते. फॉर्म भरून घेणारा म्हणाला, "ताई, चोवीस लिहा. पंधरावर एवढं कर्ज बसत नाही." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "लिही गं, सगळेच लिहितात." तिने सही केली.

आठ महिन्यांनी मिस्टरांना ठेकेदाराने ब्रेक दिला. आपल्याकडे ब्रेक म्हणजे काय, ते सांगायला नको. घरात फक्त शिलाईचे पैसे आणि हप्ते साडेनऊ हजारांचे. पहिला महिना गटातल्या बायकांनी सांभाळला. दुसऱ्या महिन्याला तिने तिसऱ्याच ठिकाणाहून कर्ज काढून हप्ता भरला. मग ती बैठकीला यायची बंद झाली. मी घरी गेले तर म्हणाली, "एवढं कर्ज का दिलं, असं विचारायला गेले होते. त्यांनी माझ्याच सहीचा कागद दाखवला. चोवीस हजार मीच लिहिलेत. आता कुणाला काय सांगू?"

त्या दिवशी मला कळलं की वाढवून लिहिलेल्या आकड्याने कर्ज मिळतं, पण अडचण आली की तोच आकडा आपलं तोंड बंद करतो.

आता ते चोवीस हजार कुठून आले, ते समजून घेऊ. रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जांसाठी 1 एप्रिल 2022 पासून नवीन नियम लागू केले. सूक्ष्म कर्ज म्हणजे काही तारण न ठेवता मिळणारं छोटं कर्ज, आपण ज्याला सेंटर मीटिंगचं कर्ज म्हणतो ते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे आहेत. पहिला, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तरच हे कर्ज मिळतं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. वर्षाला 3 लाख म्हणजे महिन्याला 25,000. दुसरा, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. यात जुनं कर्जही आलं आणि नवीनही.

म्हणून चोवीस. पंचवीसच्या आत राहतं आणि बारा हजारांपर्यंत हप्ते बसतात. आमच्या ताईचं खरं उत्पन्न लिहिलं असतं तर निम्मे साडेसात हजार झाले असते. जुना हप्ता वजा केला की नवीन हप्ता साडेतीन हजारांच्या वर बसवताच आला नसता. म्हणजे कर्ज कमी मिळालं असतं. तेव्हा तिला वाईट वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण ब्रेकच्या महिन्यांत ती तग धरून राहिली असती.

हा निम्म्याचा नियम सावकारी डोक्यातून आलेला नाही. 2010 साली आंध्र प्रदेशात एकेका बाईला अनेक कंपन्यांनी कर्जं दिली होती. वसुलीच्या जाचाने घरंच्या घरं मोडली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला. पुढे रिझर्व्ह बँकेनेही या कर्जांसाठी नियम आणले. तिकडे अमेरिकेतही हेच झालं. घरकर्जं देताना उत्पन्नाचा पुरावाच मागायचा नाही, सांगेल तो आकडा लिहायचा. कितीतरी वेळा आकडा दलाल लिहायचा आणि सही कर्जदाराची असायची. अशा कर्जांना तिथले लोकच "खोटारडी कर्जं" म्हणायला लागले. 2008 पर्यंत तो फुगा फुटला. दलाल कमिशन घेऊन मोकळे झाले आणि लाखो लोकांची घरं गेली.

तेव्हा हा नियम म्हणजे आपल्या शेताचं कुंपण आहे असं समजा. आकडा वाढवला की कुंपण आपणच उपटून पुढे सरकवतो.

आता कुणी म्हणेल, "ताई, नड असते तेव्हा खरं-खोटं कोण बघतं?" खरं आहे. दवाखाना थांबत नाही, फीची तारीख थांबत नाही. खोटं लिहिणारी बाई लबाड असते असं मी म्हणणार नाही. पण त्या खोट्याचं ओझं कुणावर पडतं, ते बघा. गटकर्जात हमी चार-पाच जणींची असते. त्या आपल्या शब्दावर विश्वास ठेवून उभ्या राहतात. आमच्या ताईचा हप्ता भरणाऱ्यांत एक मावशी धुणीभांडी करणारी होती. तिने कुठेही खोटं लिहिलं नव्हतं, पण भरावं तिलाही लागलं. आकडा लिहिताना "हा हप्ता माझ्या हमीदारणीवर आला तर?" एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला, तरी हात आखडतो.

कायद्याचंही समजून घ्या. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, त्यासाठी कुणी तुरुंगात टाकत नाही. कुणी तशी धमकी दिली तर घाबरू नका. पण फसवण्याच्या हेतूने खोटी माहिती देणं वेगळं. खोटी पगारपावती करणं, दुसऱ्याच्या बँक पासबुकाची झेरॉक्स जोडणं हे तर आणखी वेगळं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी 318 आणि बनावट कागदासाठी 336 हे कलम आहे. "पावती मी करून देतो" म्हणणारा माणूस उद्या सापडत नाही. कागदावर नाव आपलं असतं.

आणि लिहिलेला आकडा त्या फॉर्मपुरता राहत नाही. सूक्ष्म कर्ज देणाऱ्याने कुटुंबाचं उत्पन्न सिबिलसारख्या संस्थांकडे कळवायचं असतं. पुढच्या वेळी वेगळा आकडा आला तर फरक का, ते आपल्याला विचारायचं, असाही नियम आहे. मग शाळेच्या सवलतीसाठी एक उत्पन्न आणि कर्जासाठी दुसरं, अशी दोन तोंडं किती दिवस सांभाळणार?

मग खरा आकडा काढायचा कसा? इथे एक गंमत आहे. आपण बायका एकीकडे वाढवून लिहितो आणि दुसरीकडे स्वतःची कमाई धरतच नाही. "तुम्ही काय करता?" विचारलं की म्हणतो, "काही नाही, घरीच असते." घरीच असते म्हणणारी पहाटे चारला उठून डबे करत असते! तेव्हा वही घ्या आणि बारा महिन्यांचा हिशेब मांडा. चांगला महिना धरून बाराने गुणू नका.

एक उदाहरण घेऊ. मिस्टरांचा हातात येणारा पगार 15,000, पण दहाच महिने. झाले 1,50,000. ब्रेकच्या दोन महिन्यांत मिळेल ते काम करून 12,000. वर्षभराचा ओव्हरटाइम 12,000. डब्यांतून किराणा-गॅस वजा जाता महिन्याला 3,000 उरतात, पण मे महिन्यात आणि दिवाळीत डबे बंद, म्हणून दहा महिन्यांचे 30,000. सगळे मिळून 2,04,000. त्याला बाराने भागा. 17,000 आले. निम्मे साडेआठ हजार. चालू हप्ता 3,200 असेल तर नवीन हप्ता 5,300 पर्यंतच. त्यातही भिशी आणि सावकाराचं देणं फॉर्मवर दिसत नाही, ते आपण मनात वजा करायचं. शेती असेल तर खत, बियाणं, मजुरी वजा करून जे उरतं तेच उत्पन्न.

फॉर्म भरताना चार गोष्टी पाळा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. उत्पन्नाचा रकाना आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटाच्या सचिवांकडून मोठ्याने वाचून घ्या. आपल्याला समजेल अशा भाषेतलं कर्जकार्ड मागा, तो आपला हक्क आहे. आणि वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा.

आणि आधीच चुकीचा आकडा गेला असेल तर? लपून बसू नका. हप्ता चुकण्याआधी गटाला सांगा आणि कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा. हप्ता लहान करून मागता येतो. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर येता येत नाही, शिवीगाळ करता येत नाही. आकडा चुकला म्हणून हे हक्क जात नाहीत. तक्रार आधी कंपनीकडे करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन नंबर 14448.

आमच्या ताईनेही शेवटी हेच केलं. आम्ही दोघी अर्ज घेऊन गेलो. मी तिथे सांगितलं की आकडा लिहिताना मीही शेजारी होते. हप्ता कमी करून मिळाला, मुदत वाढली, व्याज जास्त गेलं. मिस्टरांना पुन्हा काम लागलं. ताई बैठकीला येते, पण तिचं मंगळसूत्र अजून सोनाराकडे आहे. बैठकीत ती समोर बसली की माझी नजर तिच्या गळ्याकडे जाते.

आता आमच्या गटात एक रीत आहे. कुणालाही बाहेरून कर्ज घ्यायचं असेल तर आधी बैठकीत वही उघडायची, बारा महिने मांडायचे, मगच फॉर्म भरायचा. कुणी कुणाला हसत नाही. कमी आकडा सांगायची लाज गेली की खोटा आकडा लिहायची गरज निम्मी संपते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला आई-आजीने शिकवलं. पण अंथरूण किती लांब आहे हेच आपण खोटं सांगितलं, तर पाय उघडे पडणार ते आपलेच. येत्या बैठकीत वही घेऊन बसा. पहिली ओळ स्वतःच्या कमाईची लिहा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.