बायकांची मतपत्रिका

केनियात निवडणुकीच्या दिवशी मतदाराच्या हातात एकदम सहा मतपत्रिका पडतात. राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, खासदार, वॉर्डाचा एमसीए आणि काउंटीची वूमन रेप. प्रत्येकीचा रंग निराळा आणि पेटीचं झाकणही त्याच रंगाचं, म्हणजे घोळ नको. आपल्यापैकी ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आहे त्यांना हे पाठ आहे. अलीकडे आलेल्या मंडळींसाठी एवढंच सांगायचं की वूमन रेपच्या मतपत्रिकेवर फक्त स्त्रियांची नावं असतात. देशात ४७ काउंट्या, तेव्हा अशा ४७ जागा.

२०२२ च्या ऑगस्टात मतदान करून घरी आलो, तर आमच्या शाळकरी मुलीनं विचारलं, "एक बायकांची, म्हणजे बाकीच्या पाच पुरुषांच्या का?" कायद्याप्रमाणे नव्हे, हे तिला सांगितलं. पण तिचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. कारण या देशातले पुष्कळ मतदार, आणि त्याहून पुष्कळ पुढारी, नेमकं तसंच धरून चालतात. एखादी बाई मतदारसंघातून साधी खासदारकी लढवायला उभी राहिली की तिला पहिला सल्ला मिळतो तो हा, "ताई, तुमची सीट ती तिकडे आहे, इथे कशाला?" स्त्रियांसाठी मुद्दाम उघडलेला दरवाजा बाकीचे दरवाजे लावून घ्यायला कसा उपयोगी पडतो, ते इथे राहून चांगलं बघायला मिळतं.

आता थोडा हिशेब. २७ ऑगस्ट २०१० रोजी केनियाची नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या २७ व्या आणि ८१ व्या कलमांत लिहिलं आहे की निवडून दिलेल्या कोणत्याही संस्थेत एकाच लिंगाचे सदस्य दोन तृतीयांशांपेक्षा जास्त असता कामा नयेत. वाक्य मोठं चतुर आहे. त्यात 'स्त्री' हा शब्दच नाही, उद्या पुरुष कमी पडले तर त्यांनाही संरक्षण! राष्ट्रीय सभेत सभापती सोडून ३४९ जागा. २९० मतदारसंघांच्या, ४७ वूमन रेपच्या, १२ नामनियुक्त. त्याचा एक तृतीयांश म्हणजे ११७. २०१३ साली २९० मतदारसंघांतून स्त्रिया निवडून आल्या १६. २०१७ साली त्या विशीच्या थोड्या पुढे गेल्या आणि २०२२ साली तिशीच्या आसपास पोचल्या. राखीव आणि नामनियुक्त धरून सगळ्या मिळून ऐंशीच्या आसपास, म्हणजे शेकडा तेवीस. घटनेला हव्यात त्याहून पस्तीसेक कमी.

गंमत अशी की काउंटीच्या विधानसभांत हा नियम पाळला जातो. तिथे घटनेनंच सोय करून ठेवली आहे. निवडणूक झाल्यावर स्त्रिया कमी भरल्या तर पक्षांच्या याद्यांतून लागतील तेवढ्या सदस्या वर भरायच्या. संसदेसाठी मात्र नियम लिहिला, पण तो पाळायचा कसा ते लिहिलं नाही. आमच्या मते सगळं घोडं तिथेच अडलं.

मग सुरू झाली कोर्टाची वारी. डिसेंबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं मत दिलं की हे एकदम नाही, पायरीपायरीनं होईल, पण संसदेनं २७ ऑगस्ट २०१५ पर्यंत कायदा करावा. संसदेनं मुदत एक वर्ष वाढवून घेतली. विधेयकं आली आणि पडली. घटनादुरुस्तीला २३३ मतं लागतात. २०१९ च्या फेब्रुवारीत तर अशी वेळ आली की मत द्यायला सभागृहात पुरेसे सदस्यच हजर नव्हते. विरोधात मत देऊन वाईटपणा कोण घेणार? त्यापेक्षा चहाला गेलेलं बरं. शेवटी २१ सप्टेंबर २०२० रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांना लेखी सल्ला दिला की संसदेनं घटनेचा हुकूम पाळला नाही, सबब ती बरखास्त करा. केवढी खळबळ उडाली होती! पण प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं, सल्ल्याला स्थगिती मिळाली आणि तीच संसद २०२२ पर्यंत सुखेनैव चालली. नवे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनीही २०२२ च्या डिसेंबरात संसदेला पत्र लिहून हा नियम अमलात आणायचा मार्ग काढा असं सुचवलं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. जास्तीच्या जागा म्हणजे जास्तीचे पगार, आणि पक्षाच्या यादीतून भरती म्हणजे पुढाऱ्यांच्या नात्यागोत्यातल्या बायकांची सोय, असं ते म्हणतात. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. पण पुढाऱ्यांच्या नात्यातले पुरुष निवडून येतात तेव्हा हा आक्षेप कुठे जातो, ते कळत नाही.

थोडं मागे जाऊ. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला तेव्हा पहिल्या संसदेत एकही स्त्री नव्हती. स्वातंत्र्याच्या लढ्यात जंगलात अन्न पोचवणाऱ्या, छावण्यांत डांबलेल्या बायका हजारोंनी होत्या, सभागृहात शून्य. पहिली स्त्री मतदारांनी निवडून दिली ती १९६९ साली. ग्रेस ओन्यांगो, किसुमूच्या. त्याआधी त्या किसुमूच्या महापौर होत्या. १९९७ साली फीबी असियो या खासदारबाईंनी स्त्रियांना विशेष प्रतिनिधित्व द्यावं असा ठराव संसदेत आणला, तो फेटाळला गेला. त्या ठरावापासून २०१० च्या घटनेपर्यंत तेरा वर्षं गेली.

आणि वांगारी मथाई. त्यांची झाडं सगळ्यांना माहीत आहेत. १९७७ ची ग्रीन बेल्ट चळवळ, २००४ चं शांततेचं नोबेल. पण राजकारणात शिरताना त्यांचं काय झालं ते फारसं सांगितलं जात नाही. १९८२ साली पोटनिवडणूक लढवायची म्हणून त्यांनी नैरोबी विद्यापीठातल्या प्राध्यापकीचा राजीनामा दिला. मतदारनोंदणीचं एक तांत्रिक कारण काढून त्यांना अपात्र ठरवण्यात आलं. नोकरी परत मागायला गेल्या तर ती जागा तोवर भरलेली. नोकरीबरोबर विद्यापीठाचं घरही गेलं. १९८९ साली उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत उठणार होती, तिला त्यांनी विरोध केला, तेव्हा संसदेत त्यांच्या घटस्फोटावरून टिंगल झाली. खुद्द राष्ट्राध्यक्ष मोई यांनी आफ्रिकन परंपरेतली बाई कशी गप्प असते यावर प्रवचन दिलं. इमारत मात्र झाली नाही. आज आपण मुलांना घेऊन त्या पार्कात फिरायला जातो, ती जागा अशी वाचलेली आहे. १९९७ साली त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्याच वर्षी चॅरिटी न्गिलू यासुद्धा उभ्या होत्या. २००२ साली टेटू मतदारसंघातून मात्र वांगारी ९८ टक्के मतं घेऊन आल्या. वीस वर्षं लागली.

आता कुणी म्हणेल, इथल्या बायका मुळातच मागे असतील. तसं म्हणणाऱ्यानं एकदा बाजारात जावं. आपल्या दाराशी भाजी आणणारी मामा म्बोगा घ्या. पहाटे घाऊक बाजार, दिवसभर टपरी, आणि शिवाय ती एखाद्या 'चामा'ची खजिनदार असते. चामा म्हणजे आपली भिशी. दर महिन्याला पैसे गोळा, पाळीपाळीनं एकीला. त्या पैशांतून मुलांच्या फिया भरल्या जातात, जमिनीचे तुकडे घेतले जातात. हिशेब चोख, भांडणं मिटवायची पद्धत चोख. राजकारण म्हणतात ते याहून निराळं काय असतं?

फरक आहे तो रकमेचा. इथे निवडणूक म्हणजे पैसा. उमेदवारानं प्रत्येक मयताला, लग्नाला, चर्चच्या हरांबेला हजर राहायचं आणि हात सैल सोडायचा. चामाच्या पैशात हे भागत नाही आणि जमिनीचा कागद बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर, तेव्हा कर्ज कुठून मिळणार? त्यातून खरी लढाई पक्षाच्या तिकिटासाठीच्या प्राथमिक फेरीत असते आणि ती फेरी धाकदपटशाची. २०१७ साली त्याच दिवसांत होमा बे काउंटीतल्या खासदार मिली ओडिआम्बो यांचं घर जाळलं गेलं. त्या तरीही निवडून आल्या आणि २०२२ साली पुन्हा आल्या. पण घर जळाल्यावर उभं राहायची हिंमत सगळ्यांत असावी अशी अपेक्षा का करायची?

दुसरी अडचण आपल्या वाचकांना चटकन उमजेल. माहेर की सासर? इथलं राजकारण जमातीचं आणि कुळाचं. माहेरी उभी राहिली तर म्हणतात तू दुसऱ्यांची झालीस, सासरी उभी राहिली तर म्हणतात तू बाहेरून आलेली. जॉयस लाबोसो यांची गोष्ट यासाठी मुद्दाम सांगायची. २००८ साली त्यांची बहीण लोर्ना, सोटिकची खासदार, विमान अपघातात गेली. त्या जागेवर जॉयस निवडून आल्या, पुढे राष्ट्रीय सभेच्या उपसभापती झाल्या. २०१७ साली बोमेटच्या गव्हर्नरपदाला उभ्या राहिल्या तेव्हा विरोधकांचा मुख्य मुद्दा काय, तर नवरा लुओ आहे, तेव्हा बाईंनी जाऊन नवऱ्याच्या मुलखात मतं मागावीत! त्यांनी बसलेल्या गव्हर्नरला हरवलं. देशातल्या पहिल्या तीन स्त्री गव्हर्नरांपैकी त्या एक. बाकीच्या दोघी कितुईच्या चॅरिटी न्गिलू आणि किरिन्यागाच्या ॲन वाइगुरू. २०१९ च्या जुलैत लाबोसो कर्करोगानं गेल्या.

त्याच वर्षी ऑगस्टात आणखी एक प्रकार झाला. क्वालेच्या वूमन रेप झुलेखा हसन पाच महिन्यांचं तान्हं मूल कडेवर घेऊन सभागृहात आल्या, कारण घरी सांभाळायला त्या दिवशी कुणी नव्हतं. गोंधळ उडाला, काही पुरुष सदस्य ओरडू लागले आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. ज्या मुलखात निम्म्या बायका पाठीला मूल बांधून काम करतात, तिथल्या संसदेला एका तान्ह्या पोराचं एवढं वावडं!

२०२२ साली स्त्री गव्हर्नर सात झाल्या. त्यांतल्या मेरूच्या कविरा म्वांगाझा अपक्ष निवडून आल्या होत्या. काउंटी विधानसभेनं त्यांच्यावर एकापाठोपाठ महाभियोग आणले, सिनेटनं आधी दोनदा त्यांना सोडलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पदच्युत केलं. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानंही ते कायम ठेवलं. आरोप खरे-खोटे हा भाग कोर्टाचा. पण मागे पक्ष नसलेल्या बाईचं आसन किती डळमळीत असतं, ते यातून दिसलं.

शेजारीपाजारी पाहिलं तर चित्र एकसारखं नाही. रवांडात २००८ साली जगात पहिल्यांदा संसदेत स्त्रियांची संख्या निम्म्याहून वर गेली आणि २०२४ साली ती साठ टक्क्यांच्या पुढे आहे. अर्थात तिथे सगळ्या चाव्या एकाच माणसाच्या हाती असताना या आकड्याचं वजन किती, ही शंका आहेच. नायजेरिया दुसऱ्या टोकाला. २०२३ च्या निवडणुकीनंतर तिथल्या संसदेत स्त्रिया शेकडा पाचही नाहीत आणि तिथल्या एकाही राज्यानं आजवर स्त्री गव्हर्नर निवडून दिलेली नाही. मतदारांनी निवडून दिलेल्या आफ्रिकेतल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ, २००६ ते २०१८. मालावीच्या जॉयस बांडा आणि टांझानियाच्या सामिया सुलुहू हसन आधीचे अध्यक्ष वारल्यामुळे खुर्चीवर आल्या. सामिया यांनी २०२५ ची निवडणूक ज्या तऱ्हेनं घेतली, प्रमुख विरोधकांना बाहेर ठेवून आणि रस्त्यावर रक्त सांडून, त्यावरून बाई आली म्हणजे राज्य मवाळ होतं ही समजूत टाकून द्यायला हरकत नाही. पुरुषांना वाईट राज्य करायची मुभा आहेच की. नामिबियात मार्च २०२५ मध्ये नेतुम्बो नांदी-न्डाइत्वा निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाल्या.

हे वाचून आपल्यातल्या कुणाला मनातल्या मनात "आफ्रिकाच ती" असं वाटलं असेल, तर एक आकडा. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी स्त्रिया ७४, म्हणजे शेकडा चौदाच्या आत. केनिया तेवीस. १९९३ च्या घटनादुरुस्तीनं आपल्या गावागावांत स्त्रिया सरपंच झाल्या, महाराष्ट्रानं तर २०११ साली निम्म्या जागा राखल्या, हे खरं. 'सरपंचपती' हा शब्दही मराठीत त्यातूनच आला, हेही खरं. लोकसभा-विधानसभांतल्या एक तृतीयांश जागांसाठी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली, पण तिला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची दोरी बांधून ठेवली. नियम लिहायचा आणि किल्ली दुसरीकडे ठेवायची, ही युक्ती नैरोबीची एकटीची नाही. आणि महाराष्ट्राला स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. परदेशातल्या मराठी मंडळांबद्दल आम्ही काही बोलत नाही. फराळ समितीत कोण असतं आणि मंचावरच्या खुर्च्यांवर कोण, ते वाचकांनी आपापल्या मंडळाच्या फोटोंत पाहावं.

इथल्या भारतीयांचा या सगळ्याशी संबंध नाही असंही नाही. गुजरातेत जन्मलेल्या कल्पना रावळ २०१३ ते २०१६ या काळात केनियाच्या उपसरन्यायाधीश होत्या. मे २०२१ पासून सरन्यायाधीशपदी मार्था कूमे आल्या, या पदावरच्या पहिल्या स्त्री. जिथे पात्रता पाहून नेमणूक होते तिथे इथल्या स्त्रिया वरपर्यंत जातात, अडतात त्या मतपेटीपाशी. २०१७ साली सरकारनं आशियाई केनियनांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तरी मतदानाच्या दिवशी आपल्यातले कितीतरी जण दुकानाचं शटर ओढून घरात बसतात, किंवा फार तर राष्ट्राध्यक्षाच्या मतपत्रिकेवर शिक्का मारून बाकीच्या पाच कोऱ्याच पेटीत टाकतात. पुढची निवडणूक २०२७ च्या ऑगस्टात आहे. नावनोंदणी अजून व्हायची असेल त्यांनी ओळखपत्र घेऊन जवळच्या कार्यालयात जावं, आणि उमेदवारांच्या यादीत सहाही ठिकाणी कोण उभं आहे ते आधी वाचून ठेवावं.