घुमटाखालचा जिना

अंबरनाथच्या पश्चिम भागातील बुवापाड्यासारख्या वस्त्यांमधून रोज मुंबईला कामासाठी जाणाऱ्यांचा प्रवास ज्या इमारतीपाशी संपतो, ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वास्तू १८८८ मध्ये पूर्ण झाली. मात्र या प्रवाशांपैकी बहुतेकांना तिचे फलाट आणि बाहेरचे दर्शन एवढेच ठाऊक असते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेसाठी उभारली, जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिचे नक्षीकाम केले आणि २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आजही तेथे मध्य रेल्वेचे मुख्यालय चालते.

या वास्तूचे खरे सामर्थ्य अष्टकोनी दगडी घुमटाखालच्या जिन्यात पाहावे. हा जिना झुलत्या, म्हणजे एकाच बाजूने आधार असलेल्या, पायऱ्यांचा आहे. अशा रचनेत प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत घट्ट बसवलेले असते व दुसरे मोकळे राहते. पायरीची पुढची कड खालच्या पायरीवर टेकलेली असल्याने वरचा भार पायरीपायरीने खाली उतरतो, आणि मोकळ्या टोकामुळे पायरीला जो पीळ पडू पाहतो तो भिंतीचा दगड थोपवून धरतो. त्यामुळे जिन्याच्या मोकळ्या बाजूखाली एकही खांब लागत नाही व नजर थेट घुमटाच्या फासळ्यांपर्यंत पोहोचते. भिंत आणि पायऱ्या यांचे एकमेकांवरचे हे अवलंबन हीच या रचनेची ताकद आहे आणि तिची नाजूक बाजूही, कारण एक पायरी तडकली तर ती सुटी बदलणे अवघड असते. तिच्यावरच्या सर्व पायऱ्यांचा तोल तिच्याशी बांधलेला असतो.

काळजीचे कारण येथूनच सुरू होते. २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या स्थानकाच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. वाढत्या गर्दीसाठी नव्या सोयी हव्यातच, हे लोकलमध्ये उभे राहून दीड तास काढणाऱ्याला पटवून देण्याची गरज नाही. परंतु जुन्या पायाजवळ चालणाऱ्या खोदकामाची कंपने आणि भिंतीत मुरणारे पावसाचे पाणी यांवर बारीक लक्ष ठेवणे हे त्या सोयींइतकेच निकडीचे काम आहे, कारण भिंत हलली तर जिना टिकणार नाही.

दुसरी अडचण प्रवेशाची आहे. चालू कार्यालय असल्यामुळे येथील वारसा दालन सामान्यतः कामाच्या दिवशी, दुपारच्या मर्यादित वेळेतच पाहता येते, म्हणजे बुवापाड्याचा नोकरदार स्वतः कामावर असतो तेव्हा. समोरच, स्टीव्हन्सनेच आराखडा केलेल्या आणि १८९३ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयात जानेवारी २०२१ पासून शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह वारसा फेरी सुरू झाली. कार्यालयाचे काम न थांबवता इमारत लोकांना दाखवता येते, हे तिने सिद्ध केले आहे. मध्य रेल्वेनेही रविवारी छोट्या गटांना, मोजक्या संख्येने, हा जिना पाहू द्यावा.