उन्हाळा आणि हेल्मेट

एप्रिल-मेमध्ये वाशीम जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुचाकीस्वारांची हेल्मेटे गाडीच्या आरशाला लटकू लागतात. 'डोके उकडते' ही तक्रार खरी आहे; पण हेल्मेटमुळे डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, हेही तितकेच खरे. तेव्हा हेल्मेट टाळू नका, पारखून घ्या.

प्रथम आयएसआय चिन्ह पाहा. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी त्याविना हेल्मेट विकता येत नाही. चिन्ह असलेल्यांपैकी हलके व फिकट रंगाचे निवडा. पुढे व मागे झरोके हवेत. गाडी चालताना पुढून हवा शिरते, मागून गरम हवा निघते. स्वतः भोके मात्र पाडू नका. आतला थर्माकोलसारखा थर धक्का झेलतो, तो काढू नका. सायकलचे हेल्मेट हवेशीर असते, पण ते मोटारसायकलसाठी पुरेसे नाही.

घामासाठी आत पातळ सुती रुमाल बांधा. जाड दुपट्ट्याने हेल्मेट सैल बसते. आतले अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुवा. हनुवटीखालचा पट्टा मात्र रोज लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जाते.