हळदीवरचा आकडा काय सांगतो?

हळदीच्या पाकिटांवर आता करक्युमिन या तिच्यातल्या पिवळ्या द्रव्याची टक्केवारी ठळक छापलेली दिसते. आकडा जितका मोठा तितकी हळद औषधी, असं गिऱ्हाईक धरून चालतं. आकडा खोटा असतोच असं नाही, पण तपासणीत औषधीपणाचा प्रश्न विचारलेलाच नसतो. नेहमीच्या पद्धतीत हळदपुडीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात आणि ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यात किती शोषला जातो ते पाहतात. म्हणजे मोजला जातो पिवळेपणा. त्यात करक्युमिनसोबत त्याच्याच कुळातली आणखी दोन द्रव्यं एकत्र येतात. मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग मिसळलेला असेल, तर त्याचीही भर पडू शकते. घटक सुटे करून मोजायचे, तर एचपीएलसी ही महागडी चाचणी करावी लागते. तरीही व्यापारात या मोजणीचं मोल मोठं आहे. मेघालयातल्या लाकाडोंग हळदीत करक्युमिन सात टक्क्यांच्या आसपास जातं, बाजारातल्या बऱ्याच हळदींत तीन-चारच्या घरात असतं. या फरकाचा भाव शेतकऱ्याला मिळायलाच हवा.

औषधाचा हिशेब मात्र वेगळा आहे. तीन ग्रॅम हळदीत तीन टक्के धरले, तर करक्युमिन भरतं ९० मिलिग्रॅम. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली माणसांना एकदम दोन ग्रॅम करक्युमिन दिलं, तेव्हाही रक्तात ते जेमतेम सापडलं किंवा सापडलंच नाही. सोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण वीस पटींनी वाढलं. मग हळद मिरं घालून प्यावी, असं कुणी म्हणेल. पण रक्तात पोचणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे. शिवाय पायपरिन मिसळलेल्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचं काय, हा आक्षेप अधिक वजनाचा. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेच्या लढ्यामुळे १९९७ साली रद्द झालं, याचा अभिमान रास्तच आहे. पण तिथे सिद्ध झालं ते हे ज्ञान जुनं आहे, एवढंच. आणि तो अनुभव फोडणीतल्या चिमटीचा, जखमेवरच्या लेपाचा आहे. पोटात घ्यायच्या दाट अर्काच्या गोळीला तो उसना देता येत नाही.

माझ्या मते स्वयंपाकघरासाठी याहून मोलाचा आकडा शिशाचा आहे, आणि तो पाकिटावर सहसा दिसत नाही. हळकुंडांना झळाळी आणायला वापरलं जाणारं लेड क्रोमेट हे शिसं असलेलं रंगद्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. त्यामुळे करक्युमिनच्या चाचणीत ते लपून राहतं आणि हळद उत्तीर्ण होते. मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित मात्रा ठाऊक नाही, म्हणून ही तपासणी सक्तीनं, सातत्यानं व्हायला हवी. ते परवडणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी बांगलादेशाकडे पाहावं. तिथे २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. जागृती, घाऊक बाजारावर धाड आणि दंड यांनंतर २०२१ साली हे प्रमाण शून्यावर आलं.