प्रतिष्ठा, पालकत्व आणि कायदा

प्राण्यांना दिली जाणारी क्रूर वागणूक आणि स्त्रियांवरील अत्याचार यांविषयीची चिंता अनेकदा एकत्रितपणे व्यक्त होते. दोन्हींत एक साम्य आहे. पीडित ज्याच्या आश्रयाला असतो, तोच पुष्कळदा पीडक ठरतो आणि त्यामुळे तक्रार करणारे कोणी उरत नाही. तथापि, यावरून दोन्हींवरील उपायही एकच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. चंदीगड येथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापुढे आलेल्या दोन प्रकरणांतून हा भेद स्पष्ट होतो.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 मध्ये पहिल्या अपराधासाठी केवळ 10 ते 50 रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. 2019 मध्ये या उच्च न्यायालयाने प्राण्यांना विधिमान्य व्यक्तित्व बहाल करून हरियाणातील नागरिकांना त्यांचे पालक ठरविले. मुक्या जिवाला पालक हवा, हे यामागील सूत्र आहे.

दुसरे प्रकरण हरियाणातील कैथल जिल्ह्याचे. 2007 मध्ये करोडा गावातील सगोत्र विवाह केलेल्या तरुण दाम्पत्याची, न्यायालयाने पोलीस संरक्षणाचा आदेश दिलेला असतानाही, हत्या झाली. 2010 मध्ये करनालच्या सत्र न्यायालयाने पाच आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. 2011 मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली नाही. वस्तुतः सगोत्र विवाहावरील निर्बंध 1946 च्या कायद्यानेच दूर झाला होता. येथे घात केला तो पालकत्वाच्या दाव्यानेच.

या दाव्याला आर्थिक बाजूही आहे. विवाह हा सोयरीक, जमीन आणि वारसा यांच्याशी निगडित असतो. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यामुळे तिच्या निवडीवरील नियंत्रणात ‘प्रतिष्ठे’इतकाच मालमत्तेचा प्रश्नही गुंतलेला असू शकतो.

अशा गुन्ह्यांची स्वतंत्र नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2014 पासून सुरू केली. त्या वर्षी 28, तर 2015 मध्ये 251 प्रकरणे नोंदली गेली. एका वर्षातील एवढी वाढ गुन्ह्यांपेक्षा नोंदणीतील फरक अधिक दर्शविते. म्हणून हे आकडे सावधपणे वाचावेत.

शक्ती वाहिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 रोजी स्पष्ट केले की, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची वा जातसमूहाची संमती आवश्यक नाही. प्रतिबंधक, उपचारात्मक व दंडात्मक असे त्रिविध उपाय, प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि शक्यतो सहा महिन्यांत खटल्याचा निकाल, असे निर्देशही त्यात आहेत. महाराष्ट्राने जातपंचायतींच्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला 2016 चा कायदा 2017 मध्ये अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

सारांश, प्राण्याला दयाळू पालक पुरतो. सज्ञान स्त्रीला मात्र पालक नव्हे, तर स्वतःचा निर्णय घेण्याचे आणि तो घेऊन जिवंत राहण्याचे स्वातंत्र्य हवे. संविधानाच्या अनुच्छेद 21 चा अर्थ हाच आहे. त्याची कसोटी हत्येनंतरच्या शिक्षेत नाही. संरक्षण मागणारे जोडपे पोलीस ठाण्यात येते, त्या क्षणी शासन काय करते, यात आहे.