झांकलेलें नांव आणि विश्वासू मध्यस्थ

निनांवी पत्र ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. परंतु पूर्वीं असें पत्र एखाद्याच घरीं जाऊन पडत असे; आज इंटरनेटवर कोणी टोपणनांवानें चार ओळी लिहिल्या, तर त्या एका रात्रींत हजारों लोकांच्या दृष्टीस पडतात. ज्याच्यावर आरोप होतो त्याची अब्रू जाते, आणि आरोप करणारा कोण हें त्यास ठाऊकही नसतें. 'लिहिणाऱ्याचें नांव सांगा' अशी मागणी तो करितो, हें स्वाभाविक आहे.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मालकाचा अन्याय उघड करणारा नोकर, किंवा घरांतील छळ सांगणारी स्त्री, यांस नांव झांकणें हेंच संरक्षण असतें. प्रत्येक तक्रारीसरशीं नांव उघड होऊं लागलें, तर खरें बोलणारेही मुके होतील. मग अब्रू व गुप्तता या दोहोंचें रक्षण व्हावें कसें?

इंग्लंड व वेल्स येथें २०१३ सालीं झालेल्या अब्रुनुकसानीच्या कायद्यानें यावर एक विचार करण्याजोगा उपाय योजिला आहे. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला. त्याच्या पांचव्या कलमान्वयें संकेतस्थळाचा चालक दोन्ही पक्षांमध्यें मध्यस्थ होऊं शकतो. त्यानें नियम पाळले, तर त्यास स्वतःच्या बचावाचा आधार मिळतो.

लिहिणारा कोण हें ज्यास कळत नाहीं, त्यानें चालकास नोटीस द्यावी; मजकूर कोठें आहे व त्यांत खोटें काय, हें लिहावें. चालकानें, सुटीचे दिवस वगळून, ४८ तासांत ती लिहिणाऱ्याकडे पोंचवावी. तक्रारदाराची इच्छा असल्यास त्याचेंही नांव झांकून ठेवावें. लिहिणाऱ्यास उत्तरासाठीं पांच दिवस मिळतात. उत्तर न आल्यास मजकूर काढला जातो. मजकूर राहावा असें त्यास वाटत असेल, तर त्यानें आपलें खरें नांव व पत्ता चालकास कळवावा; परंतु त्याच्या संमतीवांचून चालक तो तक्रारदारास देत नाहीं. मग तक्रारदारानें न्यायालयांत जावें. निर्दोष असूनही दुसऱ्याच्या अपकृत्यांत गुंतलेल्या तिऱ्हाइतास अपराध्याचें नांव सांगण्यास भाग पाडतां येतें, हें तत्त्व तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९७३ सालीं नॉर्विच फार्माकल खटल्यांत मान्य केलें होतें.

सारांश, नांव नाहींसें होत नाहीं. तें ठेवीप्रमाणें मध्यस्थाजवळ राहतें. या व्यवस्थेंत उणीव नाहीं असें नव्हे. भित्र्या मनुष्यानें पांच दिवसांत उत्तर दिलें नाहीं, तर त्याचा खरा मजकूरही पुसला जातो. शिवाय मध्यस्थच अप्रामाणिक निघाला, तर सर्वच व्यर्थ.

पालकांस आमची विनंति अशी कीं, आपल्या मुलाविषयीं कोणी वाईट लिहिल्यास तेथेंच भांडण माजवूं नये. त्या मजकुराची प्रत ठेवून चालकाकडे तक्रार करावी. आणि विद्यार्थिमित्रहो, टोपणनांव घेणें हें पाप नव्हे; परंतु उद्यां न्यायाधीशानें नांव विचारलें, तर तें सांगतांना मान खालीं घालावी लागणार नाहीं, असेंच लिहा.